साहेबांच्या वतीनं

३ एप्रिल, गुरुवार

मनात येईल ते रोज लिहा, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून ही डायरी. ऑफिसात नवीन वर्षाला वाटून उरलेल्या दैनंदिन्यांचा गठ्ठा पडला होता, त्यातलीच एक आणली. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात आमचे साहेब, म्हणजे आबासाहेब, हात जोडून हसतायत. म्हणजे मनातलं लिहायचं ते त्यांच्यादेखतच.

परवा सिरसाळ्याच्या लग्नात स्टेजवर मला गरगरलं आणि मी जवळच्या खुर्चीत बसलो. ती नवरदेवाची होती. नवरदेव उभा, मी बसलेला, आणि फोटोवाल्यानं नेमका तेवढ्यात फोटो काढला. साहेबांचा ड्रायव्हर सटवा, त्यानं मला तसंच गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काम काय करता? मी म्हणालो, साहेबांच्या कानात नावं सांगतो. त्यांना वाटलं, चक्कर अजून उतरलेली नाही. मग सविस्तर सांगितलं. साहेब लग्नाला, दहाव्याला, जत्रेला जातात. समोरून माणूस यायला लागतो. तो जवळ पोचायच्या आत मी मागून साहेबांच्या उजव्या कानात सांगतो, "केसरबाई. धाकटा पोलीस भरतीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." मग साहेब म्हणतात, "काय केसरबाई, गुडगा काय म्हनतोय? पोरगं लागलं का भरतीला?" आणि केसरबाई जन्मभर साहेबांची होते. साहेबांना जिथं जायला जमत नाही तिथं शाल आणि नारळ घेऊन मी जातो, साहेबांच्या वतीनं. दाट तिथीला इतक्या मांडवांत जावं लागतं की जेवण एकाही मांडवात होत नाही. निवडणुका कधीही लागतील म्हणतात, त्यामुळं यंदा तर साहेब कुणाचं बारसंही सोडत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, झोप नाही, डोक्याला विसावा नाही. रात्री नऊनंतर फोन बंद ठेवा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या, कामाला कुठंतरी हद्द घाला आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायला शिका. फार समजूतदार माणूस. मला सोडायला दारापर्यंत आले आणि म्हणाले, मिसेसच्या बदलीचं तेवढं साहेबांच्या कानावर घाला. "रात्री दहा-साडेदहाला फोन केला तर चालेल ना? दिवसा मला वेळच मिळत नाही."

मी हो म्हणालो.

५ एप्रिल, शनिवार

लेकीचं, शिवूचं, लग्न जमलं. बघणं, पसंती, चौकशी हे सगळं माझ्या बायकोनं, वनमालानं, आणि तिच्या भावानं, आदिनाथनं, उरकलंच होतं. आज पक्का होकार आला. मुलगा राम, युसूफ वडगावचा, नोकरी पुण्यात. त्याचे वडील आप्पा, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. साखरपुडा अक्षय तृतीयेला, सकाळी अकरा वाजता, आपल्याच दारात मांडव घालून. आप्पांनी फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली. "नवनाथराव, येळ म्हंजे येळ. पुढाऱ्याची वाट बगत ताटकळायचं आमच्यात न्हाई." मी हसलो. माझा धंदा त्यांना माहीत असावा.

जेवायला वाढताना वनमाला म्हणाली, "मला तुमच्याकडून दागिना नको, लुगडं नको. एक दिवस द्या. सकाळी उठल्यापासून पाव्हणे जाईपर्यंत पोरीचा बाप म्हनून पाटावर बसा. बास."

यात मागण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. बाप मी, मग दुसरं कोण बसणार?

शिवूला पुण्याला फोन लावला. ती मोठ्या कंपनीत माणसांचं बघते. कामानं कुणी पार खचून जाऊ नये म्हणून त्यांची शिबिरं घेते. माझ्या तब्येतीचं ऐकून म्हणाली, "पप्पा, तुम्हाला बाउंडरीच नाही. कुणीही येतं आणि तुमच्यात घुसतं. हद्द आखा, आणि कुणी ओलांडली की तोंडावर सांगा."

मला एकदम पटलं. बांधाचं मला कुणी शिकवायला नको, साहेबांकडं येणारी निम्मी भांडणं बांधाचीच असतात. शेजारी एकदम वावर बळकावत नाही. दरसाल नांगरताना वीतभर बांध कोरतो, आणि एक दिवस बघावं तर बांध आपल्या विहिरीपाशी आलेला. म्हटलं, आता आपलाही बांध घालायचाच.

जेवलीस का विचारलं तर शिवू म्हणाली, अजून ऑफिसातच आहे, उद्याच्या शिबिराची तयारी चाललीय.

८ एप्रिल, मंगळवार

आज साहेबांना सांगितलं. सकाळची गर्दी ओसरल्यावर म्हणालो, "साहेब, अक्षय तृतीयेला मला सुट्टी लागंल. शिवकन्याचा साखरपुडा हाय."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला जवळ घेतलं. "सुट्टी? लेका, सुट्टी नोकराला असती. तू घरचा मानूस हायस. घरच्या कार्याला सुट्टी कावून मागायलास? मी सोता येनार. मी पोरीच्या डोक्यावर हात ठिवल्याबिगर कार्य सुरूच करू नगा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आलो तर सटवा विचारतो, "भाऊ, मंग सुट्टी दिली का न्हाई?" सटवाला असल्या गोष्टी कळत नाहीत.

घरी सांगितलं तर वनमाला आनंदायचं सोडून म्हणाली, "आता अकराचं काय हुतंय ते बगू." साहेबांना शिवूचं किती कौतुक आहे, हे तिला ठाऊक नाही. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार होता तेव्हा शिवू रांगेत उभी होती, आणि साहेबांनी पाठीवर थाप मारून "शाब्बास शिवकन्या" म्हटलं होतं. एवढ्या मुलांत एकटीचं नाव घेतलं. आता नाव मीच कानात सांगितलं होतं, हे खरं. पण घेतलं तर साहेबांनीच ना.

१३ एप्रिल, रविवार

माझी पहिली सुट्टी. काल रात्री ठरल्याप्रमाणं फोन बंद केला.

सकाळी तोंड धुतोय तोवर सिरसाळ्याहून एकजण मोटरसायकलवर दारात. "भाऊ, फोन लागना गेला. म्हनलं, काय बरं-वाईट झालं का काय." काळजीनं आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. चहा पिऊन त्यानं सांगितलं की गावातली डीपी जळालीय, साहेबांनी वीज ऑफिसात फोन करावा. तो उठतो तोवर दुसरा आला. मग उद्याच्या जयंतीचे चौघे आले. साहेब आधी कुठल्या पुतळ्याला हार घालणार यावरून त्यांच्यात लागली होती. दुपारपर्यंत माझी ओसरी म्हणजे साहेबांचं ऑफिस झाली. फरक एवढाच, ऑफिसात चहा वनमालाला करावा लागत नाही.

सगळे गेल्यावर वनमाला म्हणाली, "चला की, शिवूची साडी बगून येऊ. दुकान उगडं हाय."

तेव्हा मला डॉक्टरांचं आठवलं. मी तिच्या डोळ्यांत बघून सरळ म्हणालो, "नाही. आज माझा सुट्टीचा दिवस आहे."

आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्वच्छ नाही म्हणालो. आवाजसुद्धा चढवला नाही. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. वनमाला आदिनाथला घेऊन गेली. मी फोन सुरू करून जरा आडवा झालो.

१६ एप्रिल, बुधवार

मारुतीच्या देवळात हात जोडले आणि तोंडातून आपोआप निघालं, "साहेबांच्या वतीनं." पुजारी बघायला लागला. मी नारळ फोडून निघालो. देवाला पोचलं असेल कुणाचं तरी.

२० एप्रिल, रविवार

दुसरी सुट्टी मंगल कार्यालयात गेली. अमरसिंहदादा, म्हणजे साहेबांचे चिरंजीव, बॅनरवर लिहितात त्याप्रमाणं युवा हृदयसम्राट, यांच्या मनाला माझी चक्कर फार लागली. ते म्हणाले, आपल्या कार्यकर्त्यांवर ताण येतोय, कायतरी केलं पाहिजे. म्हणून "तणावमुक्त कार्यकर्ता, सशक्त तालुका" असं शिबिर ठेवलं. मांडणी, माईक, कूलर, पाहुण्यांची ने-आण, जेवण, सगळं माझ्याकडं. तीन रात्री झोप नाही. बॅनरवर साहेब, दादा, दादांचे मित्र आणि त्या मित्रांचे मित्र, असे इतके फोटो आले की तणावमुक्त हा शब्द छापायला जागा उरली नाही. तो खाली पत्त्याच्या ओळीत घातला.

व्याख्याते पुण्याहून आले होते. दहाला तयार. साहेब आले दीड वाजता. तोपर्यंत ते बिचारे बंद पडलेल्या कूलरसमोर रुमालानं वारा घेत मला सारखे विचारत होते, "सुरू करायचं का?" मी म्हणायचो, "वाटेतच आहेत." शेवटी त्यांचा आवाज चढला. माणूस ताणात होता.

मी पाण्याच्या बाटल्या वाटत होतो, त्यामुळं भाषणातलं एकच वाक्य कानावर आलं. "आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेला वेळ दुसऱ्या कुणालाही देऊ नका." मला ते फार आवडलं. मीही तेच करतो. साहेबांसाठी राखलेला वेळ मी आजवर कुणाला दिलेला नाही.

समारोपाला साहेब म्हणाले, "आमचा नवनाथ बगा. सकाळी चक्कर येऊन पडला, संध्याकाळी दहाव्याला हजर. ह्याला म्हनत्यात तणावमुक्त." लई टाळ्या पडल्या. मग प्रमाणपत्रं वाटली. सगळ्यांची नावं रात्री बसून मीच लिहिली होती. माझं तेवढं राहून गेलं होतं, म्हणून मला कोरं मिळालं.

२२ एप्रिल, मंगळवार

शिवूचा फोन. ती तीन-चार दिवस आधीच येणार आहे. म्हणाली, "पप्पा, रविवारी आप्पांना घरी बोलवलंय. त्यांना तुमच्याशी निवांत बोलायचंय. तुम्ही नुसतं बसा, बाकी आम्ही बघतो."

रविवारी साहेबांचा वडवणीकडं दौरा आहे. आणि उरलेला वेळ डॉक्टरांनी विसाव्यासाठी ठेवायला सांगितलाय. मी म्हणालो, "नाही बेटा, जमणार नाही. तूच सांगितलंस ना, हद्द आखा."

ती म्हणाली, "छान. जमायला लागलं की तुम्हाला."

शिकवणारीनंच शाबासकी दिली. फार बरं वाटलं. विचार केल्यावर लक्षात आलं, बांध घरचीच माणसं जास्त कोरतात. साहेब फोन करतात ते कामासाठी. वनमाला काहीही काम नसताना विचारते, "कवा यायलाव?"

२८ एप्रिल, सोमवार

घोटाळा झाला. परवाच्या दिवशी मी नसणार, म्हणून काल वडवणीकडच्या एका लग्नात साहेबांच्या कानाशी अमरसिंहदादांना उभं केलं. म्हटलं, सवय होईल. मी बाजूला थांबलो. समोरून सुंदरबाई आल्या. दादांनी कानात कायतरी सांगितलं आणि साहेब हसून म्हणाले, "काय सुंदरबाई, मालक दिसंना गेले? बरे हायेत ना?"

मालकांच्या दहाव्याला आम्ही फेब्रुवारीतच जाऊन आलो होतो. साहेब तिथं पाच मिनिटं बोललेसुद्धा होते. सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पुढं होऊन सावरलं, पण जायचं ते गेलं. दुसऱ्या गटाचे लोक संध्याकाळपर्यंत गावागावांत तेच सांगत होते.

आज साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. "नवनाथ, तुज्याबिगर मी आंधळा हाय बग. परवा फक्त सकाळची दोन कार्यं कर माज्यासंग. दोनच. मंग आपुन दोघं मिळून तुज्या दारात."

नाही हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी म्हणालो, "दोनच ना, साहेब?"

अर्धं नाही तरी म्हणालोच की. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू जमेल.

घरी सांगितलं. शिवू आलेली आहे, ती आपल्या खोलीत गेली. वनमालानं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी पांढरा शर्ट घालून निघालो तेव्हा मांडवाला आंब्याचे डहाळे बांधणं चाललं होतं. शिवू मेंदीच्या हातांनी दारात उभी होती. म्हणाली, "पप्पा, अकरा." मी म्हणालो, "साडेदहालाच येतो."

पहिलं कार्य वेळेत झालं. दुसऱ्या ठिकाणी मंगलाष्टका साहेबांसाठी थांबवून ठेवल्या होत्या, मग भाषण झालं, फेटे झाले. निघताना तिसऱ्या मांडवातून फोन आला. साहेब म्हणाले, "रस्त्यावरच हाय, तोंड दाखवून जाऊ." चौथाही रस्त्यावरच होता. माजलगाव तालुक्यात रस्त्यावर नाही असं गावच नाही, हे मला आज कळलं.

खिशात फोन थरथरत होता. एका हातानं साहेबांच्या पाठीशी गर्दी अडवायची, तोंडानं नावं सांगायची, फोन कसा घेणार? एका स्टेजवर चोरून बघितला. आदिनाथचा मेसेज होता. "दाजी आप्पा घड्याळ बगायलेत." थोड्या वेळानं दुसरा. "पाव्हणे उठतो म्हनायलेत. तुमच्या जागी पाटावर मी बसू का?"

समोरून पारूबाई येत होत्या. मी साहेबांच्या कानात म्हणालो, "पारूबाई. नातू दुबईला." आणि आदिनाथला हो लिहिलं.

दुपार कलल्यावर साहेबांना वरून फोन आला. मोठे नेते बीडच्या विश्रामगृहावर येतायत, तातडीनं या. बायपासला साहेब दादांच्या गाडीत बसले. काच खाली करून माझ्या हातात शाल आणि नारळ दिला. "तू हो फुडं. माज्या वतीनं पोरीला आशीर्वाद दे. मी मागनं आलोच."

सटवानं गाडी इतकी दामटली की मी दोनदा सावकाश म्हणालो. त्यानं वेग कमी केला नाही.

दारात पोचलो तर पंगत बसलेली. आमच्या सगळ्या कार्यक्रमांना माईकवर असतो तो निवेदक आज घरचं कार्य म्हणून आपणहून आला होता. मला बघताच त्यानं नेहमीप्रमाणं पुकारलं, "सन्माननीय आबासाहेबांचे प्रतिनिधी, नवनाथभाऊ, यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे. त्यांनी मंचावर यावं, अशी मी त्यांना विनंती करतो."

पाय चालायला लागले. पायांना मांडव ओळखीचा असतो. हातात माईक आला, समोर माणसं, हातावर शाल. तोंड उघडलं आणि जे निघायचं तेच निघालं.

"आदरणीय आबासाहेब कार्यबाहुल्यामुळं या ठिकाणी उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या वतीनं मी दोन्ही परिवारांना मनःपूर्वक शुभेच्छा देतो. आणि साहेबांच्या वतीनं मुलीच्या वडिलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. मुलीच्या वडिलांना विनंती आहे, त्यांनी पुढं यावं."

शाल उलगडली आणि वाट बघत उभा राहिलो.

कुणी येईना. असं पुष्कळदा होतं. पोरीचा बाप कुठंतरी पंगतीत वाढत असतो, त्याला हाक मारावी लागते. मी परत म्हणालो, "मुलीचे वडील जिथं असतील तिथून..."

वाढणारी माणसं हातात बादल्या घेऊन थांबली होती. आदिनाथच्या कपाळावर कुंकू होतं आणि तो जमिनीकडं बघत होता. आप्पा माझ्याकडं बघत होते. ते चिडलेले नव्हते. वर्गात एखाद्या पोराला अगदी सोपं गणित सुटत नाही, तेव्हा मास्तर बघतात तसे बघत होते. मग मला कळलं. धरणी दुभंगावी असं म्हणतात ते मी कितीदा बोललो असेन, आज पहिल्यांदा खरंच वाटलं.

शिवू उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, रडेल. तिनं हातातला माईक काढून घेतला, खाली धरला आणि हळू म्हणाली, "पप्पा, त्यांना यायला जमलं नाही. त्यांच्या वतीनं मामा बसला होता."

मला काही बोलायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. साहेब. निवेदकानं स्क्रीनवर नाव बघितलं आणि लगबगीनं माझ्या हातातून फोन आणि शिवूकडून माईक घेतला, "साहेब, माईकवर आहात" म्हणत फोन उचलून माईकला लावला. साहेबांचा आवाज साऱ्या मांडवात घुमला.

"बंधू-भगिनींनो, मनानं मी तितंच हाय. नवनाथ माज्या घरचा मानूस, आन् ही पोरगी म्हंजे माजीच लेक. माज्या डोळ्यांम्होरं ल्हानाची मोठी झाली. आपली... आपली..."

साहेब थांबले. हा थांबा मी जन्मभर ऐकलाय. एवढ्या थांब्यात माझं काम असतं.

"आपली... नवनाथ. आरं नवनाथ." हे त्यांनी हळू म्हटलं, पण कर्ण्यातून सगळ्यांनी ऐकलं. "नाव काय रं पोरीचं?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. निवेदकानं माईक माझ्या तोंडापुढं धरला. नाव माहीत होतं. ती कुठल्या वारी झाली, दहावीला किती पडले, वांग्याची भाजी पानात आली की कशी बाजूला सारते, सगळं माहीत होतं. शिवू माझ्याकडं बघत होती. मी तोंड मिटलं.

मी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणत होते ते हेच का, मला माहीत नाही. साहेबांनी आणखी एकदा हाक मारली. मग म्हणाले, "हां, तर आपल्या नवनाथची कन्या..." निवेदक रेंज नाही म्हणाला आणि त्यानं फोन बाजूला घेतला.

शाल माझ्या हातावर तशीच होती. शिवूनं ती घेतली, घडी घातली आणि दाराशी उभ्या असलेल्या सटवाच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "सटवाकाका, जेवून जा." तेवढ्यात वनमालानं पंगतीच्या टोकाला एक पान वाढलं आणि मला म्हणाली, "बसा." तिची माफी मागायची होती, आप्पांची मागायची होती, पोरीची मागायची होती. लाजेनं मान वर होईना. पानात पुरणपोळी आणि आमरस होता. आप्पा माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला पोळीवर तूप वाढलं. किती वर्षांनी कुणाच्या कार्यात पोटभर जेवलो.

१ मे, गुरुवार

आज महाराष्ट्र दिन. साहेबांच्या तीन ठिकाणच्या झेंडावंदनाला मी असतो. सकाळी उठलो आणि पाय आपोआप चपलेकडं गेले. शिवू ओसरीवर बसलेली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला जाणार. म्हणाली, "पप्पा, चहा?" मी चप्पल काढली आणि तिच्याजवळ बसलो. तिनं विचारलं, "तुम्हाला माझं नाव कुणी सुचवलं होतं?" मी म्हणालो, मीच ठेवलंय. मला वाटतं, हे तिला माहीत नव्हतं.

फोन आत फळीवर वाजला. मी उठेपर्यंत वनमालानं उचलला, आणि कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, साहेबांचा आवाज ओसरीपर्यंत आला.

"नवनाथ, कुठं हायस बे? झेंड्याला उशीर व्हायलाय. म्होरं मानसं उभी हायेत सगळी."

वनमाला म्हणाली, "ते घरीच हायेत. पोरीसंग चहा प्यायलेत. काय काम हाय ते मला सांगा, त्यांच्या वतीनं मी बोलायलेय."

पलीकडून कुणी बोललं नाही, पण फोनही कट झाला नाही. मागं गर्दीचा आवाज येत होता. साहेब असे थांबले म्हणजे काय चाललेलं असतं, ते मला ठाऊक आहे. तिचं नाव काय, हे ते कुणाला तरी विचारत असणार.